सगळ्यात हळू चालणाऱ्याचं गाव

“तुम्ही जाऊन या, मी घरी बसते.”

गेल्या सप्टेंबरात आई-बाबा बडोद्याहून आमच्याकडे म्युनिकला आले, तेव्हा पहिल्या दहा दिवसांत हे वाक्य मी निदान सहा-सात वेळा ऐकलं. बागेत जायचं म्हटलं, “तुम्ही जाऊन या.” शनिवारच्या बाजाराला निघालो, “तुम्ही जाऊन या.” नातीला बालवाडीतून आणायचं, रस्ता जेमतेम आठ मिनिटांचा, तरी तेच.

जानेवारी २०२५ मध्ये आईच्या उजव्या गुडघ्याची सांधाबदलाची शस्त्रक्रिया झाली होती. ती उत्तम पार पडली. व्यायाम झाले, सूज उतरली, घरात ती काठीशिवाय वावरायला लागली. डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली, नव्हे, “भरपूर चाला” असं सांगितलं. मग ही बाहेर का पडत नाही, हे मला कळेना. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा त्यांच्या खोलीतून आवाज आला. आई बाबांना सांगत होती, “माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं. मला नाही आवडत.”

मी पाणी न पिताच परत येऊन झोपलो. झोप अर्थातच लागली नाही, कारण या वाक्याची सुरुवात कुठे झाली ते मला ठाऊक होतं.

आधीची एक चूक

जून २०२३ मध्ये ते दोघं पहिल्यांदा इथे आले होते. ‘आल्प्स दाखवायचेच’ म्हणून मी त्यांना एका दिवसात त्सुगश्पित्सेला नेऊन आणायचा बेत केला. हे जर्मनीतलं सर्वात उंच शिखर, २९६२ मीटर. म्युनिकहून गार्मिशपर्यंत साधी गाडी, तिथून दातेरी रुळावरची गाडी. ही १९३० पासून चालू आहे आणि शेवटचे काही किलोमीटर डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून वर चढते. तिथून केबल कारने माथ्यावर, आणि परतताना दुसऱ्या केबल कारने थेट खाली आइबझे तलावाकाठी. मी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलं होतं. इंजिनिअर ना!

त्या वेळापत्रकात एक गोष्ट नव्हती. म्युनिकची उंची सुमारे ५२० मीटर. तिथून सकाळी निघून दुपारच्या आत आपण जवळजवळ तीन हजार मीटरवर पोचतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. तरुण माणसाला थोडं हलकं हलकं वाटतं, इतकंच. साठी ओलांडलेल्या, गुडघा दुखत असताना घाईघाईने गाड्या बदलत आलेल्या बाईला चक्कर येते. आई वरच्या गच्चीवर एका बाकावर बसली, तिचे ओठ पांढरे पडले होते. बाबांनी तिचा हात धरला होता. आणि मी? मी पाठ फिरवून चार देशांची शिखरं दिसतात म्हणून फोटो काढत होतो.

दहा मिनिटांत आम्ही केबल कारने खाली आलो, तलावाकाठी तिला बरं वाटलं. प्रकरण तिथेच मिटलं. बडोद्याला गेल्यावर तिने सगळ्यांना “फार छान होतं हो” असं सांगितलं. पण त्या दिवशी आपण सगळ्यांची सहल बिघडवली, असं तिने मनात कुठेतरी लिहून ठेवलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने फक्त त्यावर शिक्का मारला.

म्हणून या वेळी ठरवलं: दोन रात्रींची छोटी सहल, गाडीने, आल्प्समधल्याच एखाद्या गावी. आणि कोणाला थांबावं लागतंय असं आईला वाटूच नये.

एक्सेलमधला राहिलेला रकाना

मी लॅपटॉप उघडला आणि तक्ता केला. गावाचं नाव, प्रवासाचा वेळ, तिकीट, खोलीचं भाडं, लोकांनी दिलेले तारे. दहा गावं भरली, गुण दिले, क्रम लावला. बायकोने मागून डोकावून एकच प्रश्न विचारला: “स्टेशनपासून खोलीपर्यंत चढ किती?”

तो रकानाच नव्हता. तक्ता पुसला आणि तिच्याबरोबर बसून नव्याने केला. आता रकाने असे होते:

एक, म्युनिकहून थेट गाडी आहे का? प्रत्येक गाडीबदल म्हणजे जिने, फलाटांची शोधाशोध आणि धावपळ.

दोन, स्टेशन आणि गाव एकाच पातळीवर आहेत का? आल्प्समध्ये हा प्रश्न फार महत्त्वाचा. दरीत रूळ आणि टेकडीवर गाव, असं तिथे अनेकदा असतं.

तीन, गावाची उंची किती?

चार, सपाट रस्त्याने दहा मिनिटांच्या आत बाक, स्वच्छतागृह आणि गरम काहीतरी खायला मिळतं का?

पाच, पाऊस आला तर छपराखाली बघण्यासारखं काही आहे का? आल्प्समध्ये पाऊस पाहुण्यांची सोय बघून पडत नाही.

सहा, आणि हा रकाना बायकोचा: बाकीच्यांना जवळपास काहीतरी धाडसाचं करता येईल का? कारण सगळे जण आईसोबत बाकावर बसून राहिले, तर तिला पुन्हा तेच वाटणार.

गळलेली गावं

बाबांचं मत मात्र आधीच ठरलेलं होतं: स्वित्झर्लंड. त्यांच्या पिढीने आल्प्स पाहिले ते यश चोप्रांच्या सिनेमांत. इंटरलाकेनला तर चोप्रांचा पुतळाही उभा आहे. पण म्युनिकहून तिथे जायला गाड्या बदलत सहा-सात तास, म्हणजे दोन रात्रींच्या सहलीतला निम्मा वेळ गाडीत. आणि तिथे गेलं की युंगफ्राउयोख बघायचा मोह होणारच. त्याची उंची ३४५४ मीटर. मी त्सुगश्पित्सेचं नाव काढलं, तशी बाबांनी स्वित्झर्लंडवर स्वतःहून फुली मारली.

हालस्टाट, ऑस्ट्रिया. तळ्याकाठचं, प्रत्येक कॅलेंडरवर असलेलं गाव. पण रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर, तिथून नावेने गावात यायचं. गाव डोंगरउताराला चिकटलेलं, गल्ल्या चढाच्या आणि माणसांची रीघ. बाद.

बेर्ख्टेसगाडेन. निसर्ग अप्रतिम, जवळ क्योनिगझे तलाव. पण वाटेत गाडी बदलावी लागते, स्टेशन दरीत आणि जुनं गाव वर टेकाडावर. दुसरा रकाना नापास.

फ्युसेन. थेट गाडी, दोन तास, गाव सपाट. पण तिथे गेलं की नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघायचाच असतो. त्यासाठी बस, मग चढाची वाट, आणि आत तीनशेहून अधिक पायऱ्यांची चढ-उतर. आई “तुम्ही बघून या, मी खाली बसते” म्हणणार, हे मला आत्ताच ऐकू येत होतं.

गार्मिश-पार्टनकिर्शेन. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या आधी, १९३५ मध्ये, दोन गावं जोडून केलेलं हे शहर. सोयी सगळ्या, पण पसरलेलं. शिवाय त्सुगश्पित्सेची गाडी इथूनच सुटते. त्या फलाटावर आईला पुन्हा उभं करायचं नव्हतं.

शेवटी दोन नावं उरली: ओबर्स्टडॉर्फ आणि मिटेनवाल्ड. पहिलं थोडं दूर पडत होतं, म्हणून दुसरं ठरलं. मिटेनवाल्डची उंची साधारण ९२० मीटर, म्हणजे आपल्या माउंट अबूपेक्षाही कमी. म्युनिकहून थेट गाडीने पावणेदोन-दोन तास, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांत गावाचा मुख्य रस्ता.

हे ठरवताना गावाच्या वैशिष्ट्यांबद्दल मी फक्त एक ओळ वाचली होती: ‘व्हायोलिन बनवणाऱ्यांचं गाव’. पावसात बघायला एक संग्रहालय आहे, म्हणून पाचव्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि विसरलो.

डाव्या बाजूची खिडकी

आईला सांगताना युक्ती केली. “सहल” म्हटलं नाही. “बाबांना डोंगरातली रेल्वे दाखवायची आहे” असं म्हटलं. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. डभोईची नॅरोगेज हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय: गायकवाड सरकारने १८६२ मध्ये डभोई ते मियागाम रूळ टाकले आणि पहिली काही वर्षं त्यावर बैलांनी डबे ओढले, ही गोष्ट आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागते. नवऱ्यासाठी जायचं म्हटल्यावर आई तयार झाली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून बांधूनही घेतली.

इथे एक व्यावहारिक सूचना. म्युनिकच्या मुख्य स्टेशनात गार्मिश-मिटेनवाल्डच्या गाड्या बहुधा बाजूच्या विस्तारित भागातून सुटतात, आणि मुख्य प्रवेशद्वारापासून तो भाग बराच लांब आहे. आम्ही चाळीस मिनिटं आधी पोचलो आणि रमतगमत गेलो. दुसरी सूचना याहून महत्त्वाची: या गाड्या वाटेत तुटतात. काही डबे एका गावाला, काही दुसऱ्या. डब्याच्या बाहेर आणि आत पाटी असते, ती वाचूनच बसायचं. नाहीतर मिटेनवाल्डला निघालेला माणूस भलत्याच दरीत उतरतो.

बसायचं डाव्या बाजूला. श्टार्नबेर्गपासून टुट्सिंगपर्यंत श्टार्नबेर्गर झे हा तलाव रुळांना लागून डावीकडे दिसत राहतो. मुर्नाऊ आलं की समोर आल्प्सची भिंत उभी राहते. अगदी अचानक, पडदा बाजूला केल्यासारखी. आमची पाच वर्षांची लेक “आजी, बघ!” म्हणून ओरडली, आणि आजीने चष्मा पुसला.

गार्मिशच्या पुढे गाडी चढायला लागते. इथून बाबांचं व्याख्यान सुरू झालं, कारण आदल्या रात्री त्यांनी सगळं वाचून ठेवलं होतं. गार्मिशहून मिटेनवाल्डमार्गे इन्सब्रुकला जाणारी ही डोंगरातली रेल्वे १९१२ मध्ये सुरू झाली. ती बांधली योझेफ रील या इंजिनिअरने, आणि ती विजेवर चालली. वीज डोंगरातल्या नदीवरच्या जलविद्युत केंद्रातून आली. “आपल्याकडे मुंबईत पहिली विजेची गाडी १९२५ ला,” बाबा म्हणाले. “आणि यांनी तेरा वर्षं आधी असल्या डोंगरात!” शेजारचे जर्मन आजोबा कौतुकाने बघत होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण एक रेल्वेवेडा दुसऱ्याला बरोबर ओळखतो.

भिंतीवरची चित्रं

मिटेनवाल्डला उतरलो तेव्हा ऊन होतं. गावाच्या पूर्वेला कार्वेंडेलचे करडे कडे इतके जवळ की मान वर करूनच बघावे लागतात. आणि कड्यांच्या पायथ्याशी चित्रं काढलेली घरं. बव्हेरियाच्या या भागात घरांच्या बाहेरच्या भिंतींवर चित्रं रंगवायची जुनी पद्धत आहे. अठराव्या शतकातली कितीतरी चित्रं अजून आहेत: संत, देवदूत, खोटे खांब आणि खोट्या खिडक्यांच्या कमानी. चर्चचा मनोराही चित्रांनी भरलेला. ते चर्च १७३८ ते १७४० च्या सुमारास बांधलेलं, आणि चित्रं माथेउस ग्युंटरची.

खोली मी मुद्दाम तळमजल्यावरची घेतली होती, स्वयंपाकघरासकट. जर्मनमध्ये तळमजल्याला ‘एर्डगेशोस’ म्हणतात. आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांनी हा एक शब्द पाठच करावा. कारण डोंगरातल्या जुन्या घरांत लिफ्ट क्वचित असते, आणि ‘सुंदर देखावा असलेली खोली’ म्हणजे बहुतेक वेळा तिसरा मजला. सामान टाकलं, कुकर नव्हता म्हणून पातेल्यात वरण-भात केला, आणि चार वाजता बाहेर पडलो.

मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी. सपाट फरसबंदी, पन्नास-शंभर पावलांवर बाक. आई दहा मिनिटं चालायची, बसायची, पुन्हा चालायची. आणि गंमत म्हणजे बाकीचे पर्यटकही नेमकं तेच करत होते. भिंतीवरचं चित्र बघायला प्रत्येकालाच थांबावं लागतं. त्या रस्त्यावर कोणी कोणासाठी थांबत नाही, थांबण्यासाठीच तो रस्ता आहे. हे माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हतं.

चर्चच्या बाजूला एका माणसाचा पुतळा आहे. तो घोड्यावर नाही, हातात तलवार नाही. बसून व्हायोलिन घडवतो आहे. आई त्याच्यासमोर थांबली. “हा कोण?”

कारागिराचं गाव

तो माथियास क्लॉट्स. जन्म १६५३, मिटेनवाल्डचाच. तरुणपणी तो आल्प्स ओलांडून इटलीत पादुआला गेला, तिथे वाद्यं बनवणाऱ्याच्या कार्यशाळेत काम शिकला, आणि १६८० च्या दशकात गावी परतून व्हायोलिनं बनवू लागला.

ती वेळ गावासाठी बिकट होती. मिटेनवाल्ड इटली आणि जर्मनीमधल्या व्यापारी वाटेवर आहे. १४८७ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचं टिरोलच्या राज्यकर्त्याशी बिनसलं आणि बोल्झानोची मोठी पेठ उठून इथे आली. जवळजवळ दोनशे वर्षं ती इथे राहिली, गाव श्रीमंत झालं. १६७९ मध्ये पेठ परत गेली आणि गावाचा कणाच मोडला. अशा वेळी क्लॉट्स आणि त्याच्या मुला-नातवंडांनी एक हुन्नर रुजवला. भोवतीच्या डोंगरांत वाद्याच्या पोटासाठी लागणारं स्प्रूसचं लाकूड होतं, पाठीसाठी मेपल होतं. थंडीत हळूहळू वाढलेल्या झाडाची वर्तुळं दाट आणि सारखी असतात, आणि नाद त्यातूनच येतो. एकोणिसाव्या शतकात व्यापारी इथल्या घराघरांतून वाद्यं करवून घेत आणि दूरदूरच्या देशांत पाठवत. १८५८ पासून गावात व्हायोलिन बनवायला शिकवणारी शाळा आहे, ती आजही चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस आला. पाचवा रकाना कामाला आला आणि आम्ही संग्रहालयात गेलो. जुन्या घरातलं छोटंसं संग्रहालय. काचेत क्लॉट्स घराण्याची वाद्यं, भिंतीवर साचे, एका बाजूला जुन्या कार्यशाळेची हत्यारं. मी लेकीला सांभाळत पुढे गेलो. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर आई नाही.

ती एका काचेसमोर वाकून उभी होती. आतल्या व्हायोलिनच्या छिद्रातून आत बघायचा प्रयत्न करत होती.

“काय बघतेस?”

“कागद दिसतोय का आत? अण्णांच्या व्हायोलिनमध्ये होता.”

अण्णा म्हणजे आईचे वडील, माझे आजोबा. मी तीन वर्षांचा असताना ते गेले. ते व्हायोलिन वाजवायचे हे मला त्या दिवशी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, बव्हेरियातल्या एका गावात कळलं. आई सांगत गेली. अण्णांनी ते जुनं व्हायोलिन लग्नाआधी कधीतरी मुंबईत घेतलं होतं. रावपुऱ्यातल्या घरात कपाटावर काळ्या पेटीत असायचं. हौशी नाटकमंडळींच्या पदांना ते साथ करायचे. रेडिओवर व्ही. जी. जोग लागले की घरात कोणी बोलायचं नाही. पेटी उघडली की लहानपणी आई त्या वळणदार छिद्रातून आत डोकवायची. आत एक पिवळा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर परकी अक्षरं. एकच शब्द तिला लावता आला होता: जर्मनी.

“मग ते कुठे आहे?”

“अण्णा गेल्यावर कोणाला तरी दिलं. कोणाला ते मला विचारताही आलं नाही. तू लहान होतास, मी सासरी.”

पुढे गावात एका कारागिराची कार्यशाळा उघडी होती. खिडकीत अर्धवट झालेली वाद्यं टांगलेली. आई म्हणाली, “विचार ना त्यांना, कागदावरून कळतं का कुठलं ते?” मी मोडक्या जर्मनमध्ये विचारलं. त्यांनी एप्रन पुसत सांगितलं की कागदावर विश्वास ठेवू नका. विकणारे वाटेल तो कागद चिकटवत. लाकूड, वरची गुंडाळी आणि रोगण बघितल्याशिवाय काहीच सांगता येत नाही, आणि जर्मनीत वाद्यं बनवणारी गावं इतरही होती. म्हणजे उत्तर मिळालं नाही. आईला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. तिने दुसराच प्रश्न विचारला: लाकूड किती वर्षं वाळवता? मग तिसरा. मी दुभाष्या.

मग त्यांनी विचारलं, भारतात व्हायोलिन खाली बसून वाजवतात हे खरं का? आई हसली. “आता मांडी घालता येत नाही, नाहीतर दाखवलं असतं.” तरी तिने दाखवलंच. तिथल्या एका स्टुलावर बसली, डावा हात पुढे करून वाद्याचं डोकं खाली पायाकडे कसं टेकवतात ते दाखवलं, आणि उजव्या हातातली काठी गजासारखी धरली. त्या कारागिराने मान डोलावून स्वतःच्या खांद्यावर, मग पायाजवळ हात नेऊन पाहिला, दोन्ही बसकांची तुलना केली. आम्ही बाहेर आलो तेव्हा पाऊण तास झाला होता. बहुतेक सगळा वेळ आई उभी होती. गुडघ्याचं नाव तिने काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

“मला काम आहे”

तिसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं. सहाव्या रकान्यासाठी दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक कार्वेंडेलची केबल कार, ती सुमारे दहा मिनिटांत २२४४ मीटरवर नेते. दुसरी लॉयटाशची घळ. गावातून अर्ध्या तासाच्या चालीवर कड्याला ठोकलेल्या लोखंडी पुलांवरून, खोल खाली फेसाळत्या पाण्याकडे बघत जायचं. जाता जाता आपण ऑस्ट्रियाच्या हद्दीतही शिरतो. सगळ्यांनी घळीला मत दिलं.

मी आईकडे बघितलं. तेच वाक्य येणार म्हणून तयारीत होतो.

“तुम्ही जाऊन या,” ती म्हणाली. “मला काम आहे. काल खालच्या मजल्यावरची हत्यारं नीट बघायची राहिली.”

शब्द जवळपास तेच होते. पण ‘मी बसते’ आणि ‘मला काम आहे’ यांत किती अंतर आहे, ते कोणत्याही नकाशावर दिसत नाही. तिच्या फोनमध्ये माझा नंबर वर आणून ठेवला, खोलीची किल्ली दिली, दहा-दहा युरोच्या दोन नोटा दिल्या. आम्ही घळीत गेलो. बाबांनी पुलाच्या प्रत्येक बोल्टची पाहणी केली. अडीच तासांनी परत आलो तर आई मुख्य रस्त्यावरच्या एका बाकावर बसलेली. समोर सफरचंदाचा स्ट्रूडेल, शेजारी एक जर्मन आजीबाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण दोघींचाही उजवाच गुडघा बदललेला होता, एवढं हातवाऱ्यांनी समजलं होतं.

दुपारी आम्ही इझार नदीच्या काठाने थोडं चाललो. म्युनिकमध्ये आमच्या घराजवळून वाहते तीच ही नदी, इथे हिरवट, उथळ आणि खळाळती. वाट सपाट. पुढे आई आणि नात होत्या, मागे आम्ही. म्हणजे या वेळी आम्हालाच त्यांच्या मागून हळू चालावं लागलं.

तुम्ही गाव निवडणार असाल तर

या मासिकाच्या वाचकांपैकी कितीतरी जणांची मुलं-भावंडं युरोपात आहेत, आणि बडोदं, इंदूर, हैदराबादहून आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी येतात. त्यांच्यासाठी थोडक्यात चार गोष्टी.

तिकीट: फक्त स्थानिक गाड्यांनी जायचं असेल तर बव्हेरियाचं एक दिवसाचं तिकीट सोयीचं. एकत्र पाच जणांपर्यंत चालतं. कामाच्या दिवशी मात्र सकाळी नऊनंतरच, शनिवार-रविवारी दिवसभर. पाहुणे महिनाभर राहणार असतील तर देशभराचं मासिक तिकीट बघावं. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो आहे. हे तिकीट वर्गणी पद्धतीचं असतं, म्हणून वेळेत रद्द करायला विसरू नये. जलद गाड्यांना ही दोन्ही तिकिटं चालत नाहीत.

वेळ: सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. त्यानंतर म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो, गाड्या भरून वाहतात आणि खोल्यांचे भाव चढतात. निघण्याच्या आदल्या दिवशी रुळांची कामं चालू आहेत का ते ॲपवर बघावं. कधी कधी मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस असते, आणि बस म्हणजे पुन्हा पायऱ्या.

जेवण: शाकाहारी माणसाने केझश्पेत्सले मागावं. मऊ शेवयांसारखा प्रकार, वर चीज आणि तळलेला कांदा. त्यात अंडं असतं, हे मात्र आधी सांगून ठेवावं. अंडं न खाणाऱ्यांसाठी खोलीला स्वयंपाकघर हवंच. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणावी.

आणि मुख्य गोष्ट: गावाच्या फोटोवरून गाव निवडू नका. आपल्या घोळक्यात सगळ्यात हळू कोण चालतं ते आधी बघा, आणि त्या पावलांनी गाव मोजा. शिखर बघायला तरुण माणूस कुठेही जाईल. हळू चालणाऱ्याला मात्र असं गाव लागतं, जिथे थांबणं हे सहलीचंच काम असतं.

ऑक्टोबरात दोघं बडोद्याला परतले. अण्णांच्या व्हायोलिनचा आईने मामाकडे शोध घेतला. पत्ता लागला नाही, आणि बहुधा लागणारही नाही. पण त्या निमित्ताने ती एकटीच रिक्षा करून रावपुऱ्यात तीनदा जाऊन आली, हे मला बाबांकडून कळलं.

येत्या जूनमध्ये ते पुन्हा येताहेत. या वेळी गाव आईने निवडलंय: ओबर्स्टडॉर्फ. मी तक्ता पाठवला होता, तिने तो उघडलाही नाही. फोनवर एवढंच विचारलं, “स्टेशन सपाटीवर आहे ना? मग झालं. बाकीचं तिथे गेल्यावर बघू.”